पंचशून्य दोष

टप्प.

दुपारच्या निवांत घरात तेवढाच आवाज झाला आणि पाळण्याच्या दोरीवरचा नम्रताचा हात जागच्या जागी थांबला. अजिंक्य आत्ता कुठे झोपला होता. त्याच्या मुठीत तिच्या ओढणीचं टोक होतं आणि ते सोडवून घ्यायची तिची छाती नव्हती. तिने मान वाकडी करून पाहिलं. फ्रीजवरचं लिंबू खाली पडलं होतं आणि घरंगळत थेट पाळण्याखाली येऊन विसावलं होतं.

"काय पडला गो?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"लिंबू, आई."

"भाजीतला की म्हाराजांचा?"

"महाराजांचा."

आतली अडकित्त्याची कटकट बंद झाली. सत्यवतीबाई पदर सावरत बाहेर आल्या आणि पाळण्यापासून चार हात लांब थबकल्या. "हात लावू नको! पोराच्या खाली गेला? अगो बाय माझे! बघलंस ना? ती अजून घरात आहे म्हणून उतरला तो खाली."

लिंबू गोल असतं आणि फ्रीज सुरू झाला की थरथरतो, हे वाक्य नम्रताच्या ओठापर्यंत आलं होतं. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची. पण सध्या ती बाळंतपणाच्या रजेवर होती आणि घरच्यांच्या मते तिचं विज्ञानही रजेवर होतं. तिने वाक्य गिळलं, कारण पोर जागं झालं असतं.

"ती" म्हणजे मनिषा, नम्रताची मोठी जाऊ. दोन वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त होऊन मनिषाचा नवरा गेला. तेव्हापासून ती या घरात आवाज न करता वावरायची. भांडी आपटायची नाही, दार लावताना कडी हाताने धरायची. टेपावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या वाडीतल्या आरोग्य उपकेंद्रात ती नर्स होती. वाडीतल्या बाया तिला "सिस्टर" म्हणायच्या, पोरं तिला बघून सुईच्या भीतीने पळायची, आणि तेवढ्यापुरती तिची मान ताठ असायची. त्या मनिषावहिनीची बॅग आज दाराआड भरून ठेवलेली होती. रविवारी तिला संगमेश्वरला माहेरी पोचवायचं ठरलं होतं. राहायला. नोकरी सोडून. कारण तिची सावली गाडीला बाधत होती.

हे ठरवलं होतं एका बाबाने, आणि त्याला साक्ष होती एका गाडीची.

गाडी म्हणजे दीपकने, नम्रताच्या नवऱ्याने, कोणाची तरी वापरलेली घेतलेली छोटी पांढरी गाडी. दिवाळीनंतर तिला एक खोड लागली. रोज सकाळी दीपक वहिनींना टेपावर सोडायला जायचा. वाडीच्या वेशीवर रस्ता उभा चढतो आणि कोपरासारखा वळतो. त्या वळणावर राखणदाराचा पाषाण आहे, लाल निशाण लावलेला. तिथे आलं की गाडीच्या वेगाचा काटा धाडकन शून्यावर! गाडी चालतेय, झाडं मागे जातायत, आणि काटा म्हणतोय मी उभा. लगेच समोर पिवळा दिवा पेटायचा, इंजिनाचं चित्र असलेला. चढ संपला की काटा शहाण्यासारखा वर यायचा, पण दिवा काही जायचा नाही.

दीपकने गाडी हर्षद मेकॅनिककडे नेली. हर्षदने सपाट रस्त्यावर फेरी मारली. काटा ठणठणीत. परत नेली, परत ठणठणीत.

"माझ्याकडे आली की गुणाची होते हो," हर्षद म्हणाला. "त्या वळणावरच होतंय ना? मग ते पान्याने सुटणार नाही. तुम्ही हातखंब्याला महाराजांकडे जा. आमच्या हाताबाहेरच्या गाड्या आम्ही तिकडेच धाडतो."

झालं. सत्यवतीबाईंनी दुसऱ्या दिवशी नारळ सोलायला घेतला.

*

हातखंब्याला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानामागे, एका मोकळ्या जागेत वाहनसिद्ध श्री गतिनाथ महाराजांचा दरबार भरायचा. दर रविवारी. पहिल्या खेपेला घरचे सगळेच गेले होते. कडेवर अजिंक्य, बोटाला सात वर्षांची शमिका, अशी नम्रताही होती. आणि गर्दी काय विचारता! रिक्षा, टेम्पो, मासळीच्या गाड्या, आंब्याचे छोटे ट्रक, मुंबईहून गावी आलेल्या चकचकीत मोटारी, सगळ्यांच्या नाकांना हळद-कुंकू आणि सगळ्यांची नाकं महाराजांकडे. एका स्कूटरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "माझी काही बिघडलेली नाही. पण बिघडायच्या आधी दाखवलेलं बरं."

महाराज भगव्या झब्ब्यात, गळ्यात रुद्राक्षांच्या मधोमध एक चकाकणारी गाडीची चावी, अशा थाटात बसले होते. आवाज मात्र एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा.

"गाडीला चाकं चार, आश्रम चार! मग पाचवं चाक, स्टेपनी, ती कोण? मोक्ष! जन्मभर मागे टांगलेला असतो आणि गरज लागते तेव्हा त्यात हवा नसते!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी गरजली.

"ब्रेक म्हणजे वैराग्य! क्लच म्हणजे माया! आणि डॅशबोर्ड ही वाहनाची कुंडली! मेकॅनिकला तिथे दिवे दिसतात, मला ग्रह दिसतात!"

रांगेत महाराजांचा चेला धोंडू फिरत होता. ढेरपोट्या, गोड बोलणारा, हातात चहाची किटली. सत्यवतीबाईंना त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि मावशी मावशी करत जवळ बसला. घरात कोण कोण, गाडीत कोण कोण बसतं, मोठा मुलगा काय करतो. "अरेरे, गेला का? आणि सून तुमच्याकडेच? गाडीतूनच जाते? हो का?" सत्यवतीबाईंना कोणी इतक्या आस्थेने ऐकून घेऊन बरेच दिवस झाले होते. त्यांनी सगळं सांगितलं. अजिंक्यची शी कोणत्या रंगाची होते तेवढंच राहिलं असेल.

गाडी दरबारात उभी राहिली. महाराज म्हणाले, "इंजिन बंद, चावी अर्धी उघडी! श्वास थांबलेला, प्राण आत! आता सगळ्यांनी हात जोडा, डोळे मिटा. गाऱ्हाणं घालतो."

गाऱ्हाणं म्हटलं की कोकणातला माणूस डोळे मिटतो. त्याला सांगावं लागत नाही. देवापुढे उभं राहायचं, एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी पुरवणी जोडायची, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं असतं. काय मागितलं ते पुष्कळदा त्याच्या कानावर पडतही नाही. जागा आली की तोंडातून हुंकार आपसूक निघतो.

"बा देवा म्हाराजा, बारा वाटांच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकरांच्या गाडीवर जो काय दोष असेल, कोणाची वाकडी नजर असेल, कोणाची पडछाया असेल, ती दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं तेव्हा धोंडू गाडीतून हात पुसत बाहेर येत होता. त्याने म्हणे स्टिअरिंगखाली अंगारा लावला. महाराजांनी लाल फडक्यातली पोथी उघडली, तीत डोकं खुपसलं, पुटपुटले, आणि एकदम ओरडले, "पंचशून्य! पंचशून्य दोष आहे ह्या वाहनाला!"

गर्दीच्या अंगावर काटा आला. पंचशून्य दोष काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो भयंकर असणार याविषयी कोणालाच शंका उरली नाही.

महाराजांनी पोथीवर बोट फिरवलं, गाडीवर फुंकर मारली. "मार चावी!"

दीपकने चावी मारली. सगळे दिवे लागले, सगळे विझले, आणि त्यांच्याबरोबर तो पिवळाही विझला. एवढे दिवस छळणारा दिवा नुसत्या फुंकरीने गेला! "गतिनाथ महाराज की जय" झालं. एक टेम्पोवाला रडला.

मग महाराजांनी आवाज खाली आणला. "माउली, दिवा विझला, पण मूळ गेलेलं नाही. ह्या गाडीत एक बाई बसते. जिच्या कपाळाला कुंकू नाही. ती बसेल तेव्हा राखणदार गाडी अडवील. काटा शून्यावर आणील. ती घरात आहे तोवर दोष जायचा नाही. हे लिंबू घरात उंचावर ठेवा आणि बघा तुम्ही."

मनिषा गर्दीच्या मागच्या ओळीत उभी होती. सगळ्या माना वळल्या. नम्रताने पाहिलं, वहिनींनी पदर कपाळावर ओढून घेतला, भर उन्हात, जसं काही कपाळच चोरून ठेवायचं होतं.

*

आणि महाराजांचं खरं ठरलं. मनिषा गाडीत बसेनाशी झाली, दीपक गावातल्या गावात फिरत राहिला, दिवा लागला नाही. मग एका सकाळी बाळांच्या लसीकरणाचा दिवस होता, वर जायला एसटी नव्हती, म्हणून वहिनी बसल्या. राखणदाराच्या वळणावर काटा शून्य. पिवळा दिवा हजर.

"बघलंस?" सत्यवतीबाई म्हणाल्या. "मी कशाला वाईट चिंतीन तिचा? पण पोराबाळांची गाडी ती." हे म्हणताना त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. त्यांचा एक मुलगा गेला होता. दुसऱ्याच्या गाडीला कोणी नुसतं बोट दाखवलं तरी त्यांचा जीव गोळा व्हायचा, आणि नेमकी हीच जागा धोंडूने चहा पाजून शोधून काढली होती.

मनिषाने बॅग भरली.

लिंबू पडलं त्याच दिवशी संध्याकाळी शमिका गाडीत शिरली होती. शाळेत मिळालेला तिळगुळ तिच्या हातून सीटखाली सांडला होता आणि एकेक दाणा वेचून काढल्याशिवाय ती बाहेर येणार नव्हती. नम्रता अजिंक्यला खांद्यावर थोपटत दाराशी उभी होती.

"आई, इथे काजवा आहे."

"हिवाळ्यात कुठला काजवा?"

"निळा आहे. लुकलुकतोय. बाबांच्या पायाच्या वर."

नम्रताने पोराला सासूबाईंच्या हातात दिलं आणि स्टिअरिंगखाली डोकं घातलं. खरंच होतं. काडेपेटीएवढी काळी डबी, एका चौकोनी खाचेत घट्ट बसवलेली, आणि तिच्या पोटात निळा ठिपका. तिच्यावर अंगारा फासलेला. अंगारा पुसल्यावर खाली ब्लूटूथची खूण निघाली.

ती तिथेच, दोन पाय गाडीबाहेर ठेवून, मोबाइल काढून बसली. मोबाइलला डबी सापडली. एक फुकटचं ॲप उतरवलं. गाडीच्या आत एक छोटा संगणक असतो, त्याला काही खटकलं की तो दोषाचा आकडा लिहून ठेवतो आणि दिवा लावतो. तो आकडा या डबीतून मोबाइलवर वाचता येतो, एवढं तिला कळत गेलं. तिने "दोष वाचा" या बटणावर बोट ठेवलं.

पडद्यावर आलं: पी-०५००.

शून्य, पाच, शून्य, शून्य. नम्रता इतक्या मोठ्याने हसली की शमिकाच्या हातचा तिळगुळ पुन्हा सांडला. पंचशून्य! महाराजांची पोथी तर हीच! खाली अर्थही दिला होता: गाडीच्या वेगाची माहिती मिळत नाही. आणि त्याच्याही खाली आणखी एक बटण होतं: "दोष पुसा".

दिवा कसा विझत होता ते कळलं. पण पेटत का होता? आणि वहिनी बसल्यावरच का?

रात्री पोरांना निजवताना तिचं डोकं त्यातच होतं. वहिनी बसतात तेव्हा गाडी कुठे जाते? टेपावर. नसतात तेव्हा? बाजारात, शाळेत, दुकानात, सगळं सपाटीवर. म्हणजे वहिनींचा आणि त्या चढाचा जोडीने प्रवास होत होता, आणि सगळ्यांनी चढाला सोडून वहिनींना धरलं होतं. वर्गात ती मुलांना नेहमी सांगायची की दोन गोष्टी बदलल्यात तर एकीला दोष देता येत नाही. एक तशीच ठेवा, दुसरी बदला. प्रयोगवहीत मुलं ते सुंदर अक्षरात लिहून घ्यायची.

सकाळी ती सासूबाईंना म्हणाली, "आई, चला, किल्ल्यावर भगवतीचं दर्शन घेऊन येऊ. गाडी मी चालवते."

सत्यवतीबाई खूश. जरीकाठी नेसून पुढच्या सीटवर बसल्या. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, कारण सासरे सकाळीच पेपर वाचत चहा मागत होते. मागच्या सीटवर शमिका मोबाइल धरून बसली. त्यावर एका बाजूला गाडीने सांगितलेला वेग आणि दुसऱ्या बाजूला मोबाइलने आकाशातल्या उपग्रहांवरून मोजलेला वेग, असे दोन आकडे होते. सपाटीवर दोघे हातात हात घालून चालले. किल्ल्याचा उभा चढ आला, नम्रताने पहिला गिअर टाकला, इंजिन घोगरं झालं.

"आई, गाडी म्हणते शून्य," शमिका ओरडली, "मोबाइल म्हणतो आपण चाललोय!"

काटा पडला होता. पिवळा दिवा तर आधीपासूनच लागलेला होता. सत्यवतीबाईंनी सीटबेल्ट घट्ट धरला.

"आई," नम्रता हळूच म्हणाली, "वहिनी घरी आहेत. आता ही कोणाची सावली?"

सासूबाईंनी देवळाच्या दिशेने हात जोडले. मग म्हणाल्या, "देवीचं स्थान जागृत आहे. तिने म्हाराजांचा शब्द खरा केला."

घ्या! नम्रताने कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला.

घरी येऊन तिने दीपकला बॉनेट उघडायला लावलं. हँडब्रेक ओढ, पहिला गिअर टाक, क्लच थोडासाच सोड, गाडी पुढे जाऊ देऊ नकोस. दीपकने तसं केलं आणि इंजिन आपल्या जागेवर अंग उचलल्यासारखं वर झालं. ज्या रबरी आधारावर ते बसतं तो चिरून गेला होता. इंजिन उचललं गेलं की गिअरबॉक्सकडे जाणारी एक वायर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणली जायची. तिच्या टोकाला वेग मोजणारा सेन्सर होता, आणि तिथली पिन सैल होऊन हलत होती. उभ्या चढावर इंजिन जोर लावणार, वायर ओढली जाणार, सेन्सरचा निरोप तुटणार, काटा शून्य. सपाटीवर वायर सैल, निरोप चालू. म्हणूनच हर्षदच्या फेरीत गाडी गुणाची होती.

"म्हणजे राखणदार—" दीपक म्हणाला.

"राखणदार बिचारा वळणावर उभा आहे म्हणून पकडला गेला. तुझ्या वहिनींसारखाच."

दीपक बॉनेटच्या आत बघत राहिला. "आता जोडून टाकू?"

"आज नको. दिवा रविवारपर्यंत असाच जळू दे."

"आई चिडेल गो."

"आईंना मी किल्ल्यावर नेऊन दाखवलं. आता त्यांना तिथेच दाखवायला हवं जिथे त्यांचा विश्वास बसला. आणि तू, दीपक, तू वहिनींची बॅग डिकीत ठेवताना वर बघून ठेव. त्यांच्या तोंडाकडे."

त्याने वर पाहिलं नाही. पण रविवारी बॅग डिकीत ठेवण्याआधी त्याने ती दोनदा उचलून पुन्हा खाली टेकवली, हे नम्रताने पाहिलं.

*

संगमेश्वरच्या वाटेवर पुन्हा दरबार. पुन्हा तीच गर्दी, तोच वैराग्याचा ब्रेक. या खेपेला धोंडूने अंगारा लावायचे कष्ट घेतले नाहीत. डबी तर आत बसवलेलीच होती, असा त्याचा समज. ती होती नम्रताच्या पर्समध्ये, अजिंक्यच्या लंगोटाच्या घडीत.

"इंजिन बंद! चावी अर्धी! डोळे मिटा!"

गाऱ्हाणं झालं. व्हय म्हाराजा झालं. महाराजांनी पोथीवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. पोथी जरा हलवली, डोळ्यांजवळ नेली. "मार चावी!"

सगळे दिवे लागले, सगळे विझले. पिवळा जागच्या जागी.

महाराजांची जीभ मात्र तयारीची होती. "ती बाई! ती गाडीजवळ उभी आहे! लांब जा!"

मनिषा दोन पावलं मागे गेली.

"आणखी लांब!"

ती गर्दीतून बाहेर पडली. लोक बाजूला सरकत होते, अंग चोरून. ती रसवंतीच्या टपरीपर्यंत गेली आणि तिथे एकटी उभी राहिली. दीपकने पुन्हा चावी मारली. दिवा ढिम्म.

"महाराज," नम्रता पुढे झाली, "मी घालू का गाऱ्हाणं?"

गर्दीत हशा झाला. "बायकांनी कधी घातलंय गाऱ्हाणं?" कोणीतरी म्हणालं. पण तिने हात जोडले होते, आणि हात जोडलेले दिसले की बाकीचे हातही जोडले जातात.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हातखंब्याच्या नाक्यावर तुझी ही भोळी लेकरं जमली आहेत!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या गाड्यांच्या पोटात डोळे मिटल्यावर कोणी डबी खोचत असेल—"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पोथीत मोबाइल लपवून दिवा पुसत असेल, तर त्याचं सोंग ह्या लेकरांसमोर उघडं कर म्हाराजा!"

"व्हय म्हारा..." अर्धी गर्दी म्हणून गेली, अर्धी मध्येच अडखळली. पहिल्यांदाच त्यांनी गाऱ्हाण्यातले शब्द ऐकले होते.

नम्रताने डबी काढली, हात उंच करून सगळ्यांना दाखवली आणि स्टिअरिंगखाली बसवली. निळा ठिपका पेटला. तिने मोबाइल शमिकाच्या हातात दिला. "दाब गं, बाळा."

शमिकाने जीभ बाहेर काढून, एका बोटाने, नीट दाबलं. दीपकने चावी मारली. पिवळा दिवा गेला.

एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले आणि शमिकाच्या पायाशी वाकले. "बालयोगिनी!"

मागून आणखी दोघे वाकायला निघाले. एकाच्या हातात नारळ होता.

"अहो आजोबा, उठा!" नम्रता ओरडली. तिला हसावं की रडावं कळेना. "हिला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही! ही जादू नाही. बाजारात मिळणारी डबी आहे. तुम्हीसुद्धा दाबू शकता. आणि दिवा पुसला म्हणून गाडी बरी होत नाही. ही बघा, बरी झालेली नाही."

तिने बॉनेट उघडलं. दीपकने क्लच सोडला, इंजिन उचललं, वायर ताणली. ट्रकचे ड्रायव्हर वाकून वाकून बघू लागले. त्यांना दोन वाक्यांत कळलं. कळलं म्हणून त्यांना रागही आधी आला. "माझ्या ब्रेकचा दिवा विझवला होता मेल्याने," एक जण हळूच म्हणाला. "आंबा घाटातून खाली आलोय मी, भरलेली गाडी घेऊन."

"ही बाई नास्तिक आहे!" महाराज गरजले. "ही विद्या—"

तेवढ्यात पोथी वाजली. लाल फडक्यातून ढोलकीच्या ठेक्यावरची रिंगटोन बाहेर आली आणि महाराज पोथीवरच बसायला गेले.

"थर्मामीटर झटकला म्हणून ताप उतरत नाही, महाराज."

सगळ्यांनी मागे पाहिलं. मनिषा रसवंतीपासून परत आली होती. आवाज मोठा नव्हता, पण लसीकरणाच्या दिवशी रडणाऱ्या पन्नास पोरांवरून ऐकू जायची त्याला सवय होती. "आतला ताप तसाच राहतो आणि माणूस दगावतो. माझा नवरा असाच गेला. कावीळ उतरवणाऱ्याने हाताला चुना चोळला, पाणी पिवळं करून दाखवलं आणि बरा झालास म्हणाला. आम्ही दवाखान्यात उशिरा पोचलो."

सत्यवतीबाई खुर्चीत बसल्या होत्या. हे उतरवणं त्यांच्याच आग्रहाने झालं होतं. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि बराच वेळ काढला नाही.

महाराजांनी काढता पाय घेतला. पण त्यांची स्वतःची गाडी सुरूच होईना. तिच्यातली बॅटरी उतरली होती. धोंडू मागून ढकलू लागला, एकट्याला जमेना, तेव्हा सवयीची माणसं ती, चार-पाच जणांनी खांदा लावला. प्रत्येक धक्क्याला आपसूक हुंकार निघत होता, "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" अशा रीतीने वाहनसिद्ध श्री गतिनाथ भक्तांच्या खांद्यावरून हायवेला लागले. पुढच्या नाक्यावर कुठेतरी ते पुन्हा बसतील. डोळे मिटून हात जोडणारी माणसं आहेत तोवर त्यांना जागा कमी पडणार नाही. हात जोडायला कोणाची ना नाही. पण आपली गाडी, आपला ताप आणि आपल्या घरातलं माणूस दुसऱ्याच्या हवाली करताना तेवढे डोळे उघडे ठेवावेत, एवढंच मागणं आहे.

परत निघताना सत्यवतीबाई पुढच्या सीटवरून उतरल्या. मनिषाचा दंड धरून तिला तिथे बसवलं आणि आपण मागे, पोरांमध्ये बसल्या. गाडी संगमेश्वरच्या बाजूला वळली नाही. डिकीतली बॅग परत घरी आली.

हर्षदने रबर बदललं, पिन घट्ट केली, वायरीला सैल वळण दिलं. तो दोन दिवस नम्रताच्या नजरेला नजर देत नव्हता. सोमवारी दीपक वहिनींना घेऊन टेपावर गेला. राखणदाराच्या वळणावर त्याने नेहमीसारखा हॉर्न वाजवला, आणि काटा शून्यावर आला नाही.

त्या आठवड्यात घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. नम्रता ओसरीत वाणाच्या वाट्या पुसून ओळीने मांडत होती, सत्यवतीबाई कोणाकोणाला बोलवायचं ती नावं बोटांवर घेत होत्या. शेजारच्या, पलीकडच्या, शाळेतल्या बाई. मनिषा आत स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी तिळाचे लाडू वळत होती. अजिंक्य तिच्या मांडीवर होता आणि तिच्या बांगड्या नसलेल्या मनगटाला धरून उभं राहायचा प्रयत्न करत होता.

शमिकाने आतून एक लाडू पळवून आणला आणि वाट्यांच्या ओळीशी उकिडवी बसली.

"आई, काकीची वाटी कुठली?"

"काकी हळदीकुंकवाला येत नाही, बाळा."

"का?"

सत्यवतीबाईंची बोटं थांबली. नम्रताच्या हातातली वाटी पुसून झालेली होती, तरी ती पुसत राहिली.

शमिकाने लाडू चावत थोडा विचार केला. महाराज पळाले त्या दिवसापासून ती प्रत्येक गोष्टीचं बॉनेट उघडायला शिकली होती.

"आई," ती म्हणाली, "गाडीचा दिवा काकीमुळे नव्हता लागत, वायरीमुळे लागत होता. मग ह्याची वायर कुठे तुटलीय?"